फक्की कुणासाठी मारायची?

मामा माण तालुक्यातल्या एका हायस्कूलमधून पी.टी.चे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. भाची पलीकडच्या आटपाडी तालुक्यात एका अनुदानित हायस्कूलची मुख्याध्यापिका, विषय गणित. म्हणजे मामा सातारा जिल्ह्यातले, भाची सांगलीची, आणि दोघंही पक्की माणदेशी. ही दोघं मी रचलेली आहेत, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत. पण त्यांचा वाद या दोन जिल्ह्यांतल्या कुठल्याही हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये ऐकायला मिळतो.

निमित्त असं झालं, की सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात परराज्यांत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या खेळासाठी थोडी रक्कम पाठवली. ती कशी खर्चायची हे विचारायला भाची रविवारी दहिवडीला मामांकडे आली आहे.

मामा : यात विचारायचं काय? तुझ्या नववीत ती पळणारी पोरगी आहे ना? तालुक्याला तीन हजार मीटरला एकटीच पुढं होती, बाकीच्या अर्धा राउंड मागं. सगळे पैसे तिच्यावर लाव. चांगले स्पाइक्स घे, दूध-अंडी-केळी चालू कर, जिल्ह्याला-विभागाला जाण्यायेण्याचं भाडं बाजूला काढ. दहावी झाली की पुण्याला चांगल्या कोचकडे पाठव. एक पोरगी मोठी झाली की शाळेचं नाव आपोआप होतं.

भाची : आणि बाकीच्या पोरांनी काय करायचं?

मामा : टाळ्या वाजवायच्या. हसतेस काय? टाळ्या वाजवणारेही लागतात.

भाची : मामा, आमच्या मैदानावर लांब उडीचा खड्डा आहे, त्यात वाळू नाही. गोळा एकच आहे, तोही मोठ्या मुलांच्या वजनाचा, आणि आठवीच्या मुली तोच फेकतात. हर्डल्स नाहीतच. मला त्या पैशांत वाळू, वेगवेगळ्या वजनांचे गोळे, दोनचार थाळ्या आणि वर्षभर रोज येईल असा मानधनावरचा एक शिक्षक हवाय. पी.टी.चा तास सगळ्यांचा झाला पाहिजे.

मामा : सगळ्यांचा तास म्हणजे कुणाचाच नाही. मी आयुष्यभर तेच केलं. पंचेचाळीस पोरं, एक व्हॉलीबॉल आणि एक शिट्टी. कवायत झाली, दोन फेऱ्या झाल्या, घंटा झाली. त्यातून काय निघालं? जे निघालं ते ज्याच्यामागं मी हात धुऊन लागलो त्यातूनच. मोहीची ललिता बघ. याच आपल्या माणची. शाळेत खो-खो खेळणारी पोरगी. 2016 ला रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या हीटमध्ये 9 मिनिटं 19.76 सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. फायनलला दहावी. 1984 च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकच्या फायनलला गेलेली पहिली भारतीय बाई. स्टीपलचेस म्हणजे काय माहीत आहे ना? 28 वेळा अडथळा आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा. जिथं चारा छावण्या आणि पाण्याचे टँकर बघत पोरं मोठी होतात, त्या तालुक्यातली पोरगी पाण्यावरून उड्या मारत ऑलिंपिकच्या फायनलला गेली.

भाची : तुम्ही ललिता बाबर काढलीत, तर मी करगणीचा सचिन खिलारी काढते. माझ्या तालुक्यातला. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ-46 गटात गोळाफेकीचं रौप्य, 16.32 मीटर. सुवर्ण गेलं ते 16.38 ला. सहा सेंटिमीटरनं.

मामा : मग? माझंच म्हणणं झालं ना?

भाची : उलटं झालं. शाळेत असताना सायकलच्या अपघातात त्याच्या हाताला दुखापत झाली, गँगरीन झालं, हात पहिल्यासारखा राहिला नाही. पॅरा खेळांकडे तो वळला तो शाळा सुटल्यावर कितीतरी वर्षांनी, इंजिनिअर होऊन. आता मला सांगा, तुमच्या पद्धतीनं पोरं निवडायची म्हटलं तर हात दुखावलेलं पोरगं तुम्ही कुठं बसवलं असतं?

मामा : (थांबून) झाडाखाली. वह्या सांभाळायला.

भाची : आम्हीही तेच करतो. अजून करतो. म्हणून म्हणते, आम्हाला कोण मोठं होणार हे नववीत कळतं, हा भ्रम आहे.

इथं मामांना उत्तर सुचलं नाही असं समजू नये. पी.टी.चे शिक्षक निवृत्त झाले तरी शिट्टी खिशातच असते.

मामा : बरं, सचिन तुझा. मग सरड्याचा प्रवीण घे. फलटण तालुका, सरडे गाव, आईबाप शेतमजूर. जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. तिथल्या गुरुजींनी त्याला पळताना हेरलं, मागं लागले, क्रीडा प्रबोधिनीपर्यंत पोचवलं. प्रबोधिनीत गेला धावपटू म्हणून, आणि तिथं त्याच्या हातात धनुष्य आलं. टोकियो आणि पॅरिस, दोन ऑलिंपिक खेळला तिरंदाजीत. गुरुजींनी तेव्हा सगळ्यांना समान वागणूक दिली असती तर प्रवीण जाधव आज कुठं असता? ऊस तोडत असता.

भाची : गुरुजींना तो दिसला कसा?

मामा : म्हणजे?

भाची : म्हणजे वर्गात बाकावर बसलेला पोरगा पळतो कसा हे कुणाला दिसत नाही. शाळा मैदानावर होती म्हणून दिसला. शिवाय गुरुजींनी त्याच्यात पाहिला धावपटू आणि झाला तिरंदाज. म्हणजे त्यांना नेमकं काय कळलं होतं? हा पोरगा चिवट आहे, एवढंच. तेवढं कळायला पोरं रोज डोळ्यांसमोर पळावी लागतात. तालुक्याच्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात "कोण पळणार रे?" असं वर्गावर्गात विचारून ते कळत नाही. आणि आमच्याकडे सध्या तसंच चालतं.

मामा : तुझ्याकडे पी.टी.चा शिक्षक नाही?

भाची : निवृत्त झाले. पटावर ठरणाऱ्या संच मान्यतेत पद बसत नाही. भूगोलाचे सर शिट्टी घेऊन उभे राहतात. आरटीई कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान हवं असं लिहिलंय, सहावी ते आठवीला शंभरावर पोरं असली तर शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ निदेशक हवा असंही लिहिलंय. पण तो कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीला फक्त श्रेणी द्यायची असते, ती आम्ही मार्चच्या आधी एका बैठकीत भरून टाकतो. सगळ्यांना अ.

मामा : म्हणूनच म्हणतो, जे आहे ते एका ठिकाणी ओत. भूगोलाच्या सरांना घेऊन तू काय ऑलिंपिकला जाणार?

भाची : ते केनियाचं तुम्हीच मला सांगितलं होतं ना? इटन?

मामा : हां, ब्रदर कोल्म ओ'कॉनेल. आयर्लंडचा माणूस. 1976 ला इटनच्या सेंट पॅट्रिक्स हायस्कूलमध्ये आला आणि तिथलाच झाला. त्या शाळेतून पीटर रोनो निघाला, 1988 ला सोलला पंधराशे मीटरचं सुवर्ण. पुढं डेव्हिड रुडिशाला त्यानंच घडवलं, 2012 ला लंडनमध्ये आठशे मीटर 1 मिनिट 40.91 सेकंद, जागतिक विक्रम. खेड्यातलं हायस्कूल, मातीचं मैदान. बघ, एक माणूस एका गोष्टीच्या मागं लागला की काय होतं!

भाची : तो तिथं कोणता विषय शिकवायला आला होता?

मामा : (हसू दाबत) भूगोल.

भाची : झालं तर मग.

मामा : पण तो राहिला, हे विसरू नकोस. चाळीस-चाळीस वर्षं एका गावात राहिला. तुझे भूगोलाचे सर बदलीच्या यादीत नाव शोधत असतील.

भाची : संस्थेच्या शाळांचा तो प्रश्न आहेच. चार वर्षांत माणूस हलतो. पण मैदान हलत नाही ना? 1919 ला कर्मवीरांनी कराडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. त्यानंतर या दोन जिल्ह्यांत किती हायस्कूलं गावानं दिलेल्या जमिनीवर आणि पोरांनी टाकलेल्या मुरमावर उभी राहिली! ती जमीन मिळाली तेव्हा दुष्काळी होती, कुणाला तिची किंमत नव्हती. आता टेंभू योजनेचं पाणी आलं, डाळिंबं लागली, आणि मैदानाच्या कडेनं कुंपण दरवर्षी हातभर आत सरकतंय. मला त्या मैदानावर पोरं उभी दिसली पाहिजेत. रिकामं मैदान गावाला पडीक वाटतं.

मामा : हे खरं बोललीस. आमच्याकडे गंज्या लागायच्या कडब्याच्या. एकदा तर मंडप.

यानंतर विषय थोडा भलतीकडे गेला. मैदानावर कुणाकुणाची लग्नं लागली याची उजळणी झाली. मग मामांनी विचारलं, तुझ्या मैदानात दोनशेचा ट्रॅक बसतो का?

भाची : बसायला किती जागा लागते?

मामा : सव्वा ते दीड एकर. ऐक. दोन सरळ बाजू चाळीस-चाळीस मीटरच्या धर. दोनशेतून ऐंशी गेले, उरले एकशेवीस. ते दोन अर्धवर्तुळांत, म्हणजे मिळून एक पूर्ण वर्तुळ.

भाची : परीघ 120. त्रिज्या 19.10.

मामा : त्यातून तीस सेंटिमीटर वजा कर. पहिल्या लेनच्या आत कठडा आहे असं धरतात, पोरगं त्याच्यापासून तेवढं लांबून पळतं, आणि अंतर त्याच्या पळण्याच्या वाटेवर मोजायचं असतं. उरले 18.80. मध्ये खुंटी ठोक, 18.80 ची सुतळी बांध, ताणून धर आणि सुतळीच्या टोकाला पांढरी फक्की मारत जा. सुतळी ओली नको, ओली सुतळी ताणली की लांबते. पहिली लेन झाली. लेनची रुंदी 1.22. आता खरी गंमत. एका फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या लेनमधल्या पोराला किती पुढं उभं करायचं?

भाची : दुसऱ्या लेनपासून पुढं अंतर कुठून मोजतात? तेही तीस सेंटिमीटर?

मामा : नाही, वीस. तिथं आतल्या बाजूला कठडा नसतो, नुसती रेषा असते.

भाची : म्हणजे वाटेच्या त्रिज्येतला फरक एक मीटर बावीस अधिक वीस वजा तीस… 1.12. गुणिले दोन पाय. 7.04.

मामा : सात मीटर चार सेंटिमीटर. तिथून पुढं प्रत्येक लेनला 7.67. आणि मैदान केवढंही असो, हा आकडा तोच. ट्रॅक चारशेचा असो, दोनशेचा असो.

भाची : त्रिज्या कटून जाते. हे मला दहावीला शिकवता येईल! वर्तुळाच्या धड्याला.

मामा : किती तालुक्यांच्या स्पर्धांत हे कुणी मोजतच नाही, सांगू? अंदाजानं पावलं टाकतात, सात-आठ मोठ्या ढांगा. बाहेरच्या लेनमधलं पोरगं तीन-चार मीटर जास्त पळतं आणि दुसरं येतं. त्याला वाटतं, आपण कमी पडलो. त्याच्या बापालाही तसंच वाटतं. मग त्याचं पळणं संपतं. मी स्वतः टेप घेऊन गेलेल्या स्पर्धांत भांडणं केली आहेत यावरून.

हे मामांचं बोलणं मला साऱ्या वादात महत्त्वाचं वाटतं, आणि ते ज्या बाजूनं बोलत होते त्या बाजूच्या विरोधात जातं. निवडायचंच म्हटलं तर निवड तरी नीट व्हावी, आणि नीट निवड व्हायला आधी ट्रॅक नीट हवा. सुतळी, खुंटी, फक्की आणि बरोबर मोजणारा माणूस, यांत पैसा फारसा नाही. भाचीलाही ते जाणवलं असावं. पण तिनं तो मुद्दा लगेच वाजवला नाही. ती दुसरीकडे गेली.

भाची : मामा, त्या पोरीचं दुसरं एक आहे. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, कृष्णाकाठी. ती बरोबर गेली तर राज्याची निवड काय अन् काय! तुमचे स्पाइक्स घेऊन ती कोयता उचलायला जाणार. आणि तालुक्याच्या स्पर्धेला कपडे बदलायला जागा नव्हती. मी आणि आमच्या मराठीच्या बाईंनी वडापच्या मागं ओढण्या धरल्या. दोन मुलींना त्याच दिवशी अडचण आली, त्या गाडीतच बसून राहिल्या. दूध-अंडी ठीक आहे, पण पोरगी हरते ती दुधावाचून हरत नाही.

मामा : तिला आत्याकडे ठेवता येईल. गावात आजी नाही का तिची?

भाची : आजी आहे. बोलले मी. आजी म्हणते, पळून काय मिळणार? मी सांगितलं, पोलीस भरतीला उपयोग होईल. तेव्हा कुठं ऐकलं.

मामा : हीच ती भरती! या भरतीनं आपल्या खेळाचं वाटोळं केलं. विट्याला, कराडला, साताऱ्याला, जिकडं जावं तिकडं भरती अकॅडमी. पहाटे डांबरी रस्त्यावर पोरं पळतात, नडग्या सुजवून घेतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळा. पोरींना आठशे, शंभर, गोळा. पन्नास मार्क. त्या पन्नासाच्या पुढं त्यांना खेळ माहीत नाही. भरती झाली की दुसऱ्या दिवसापासून पोरगं पळत नाही, वर्षभरात पोट सुटतं. नाही झाली तर वयोमर्यादा संपेपर्यंत पळतं आणि मग खेळाला शिव्या देतं.

भाची : खाशाबा जाधव काय झाले शेवटी?

मामा : काय काढतेस तू!

भाची : सांगा ना. गोळेश्वरचे, कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी. 1948 ला लंडनला सहावे. 1952 ला हेलसिंकीला कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि पुढचं यायला 1996 उजाडलं. आणि 1955 ला ते पोलिसांत सब-इन्स्पेक्टर झाले. ललिता बाबर रेल्वेत होत्या, पुढं उपजिल्हाधिकारी झाल्या. मग माझ्या नववीतल्या पोरीच्या आजीनं पोलिसाची नोकरी मागितली तर तिनं काय खेळाचा अपमान केला? आपल्याकडच्या मुलीला अठराव्या वर्षी लग्न टाळायला एकच सबळ कारण असतं, भरतीचा सराव चालू आहे. बापही गप्प बसतो, सासरचेही थांबतात. भरती झाली तर उत्तमच. नाही झाली तरी तिची तीन-चार वर्षं वाचतात.

मामा : (जरा वेळानं) हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण खाशाबांचं तू अर्धंच सांगितलंस. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा गावोगावी वर्गणी गोळा झाली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. 1952 चे सात हजार! त्यांनी असं म्हटलं नाही की या पैशांत कॉलेजातल्या सगळ्या पोरांना लंगोट घेऊ. एका पोरावर घर लावलं. मला तेच म्हणायचंय.

भाची : लावलं, कारण तेव्हा कृष्णा-कोयनेकाठी गावागावांत तालीम होती. शेकडो पोरं मातीत उतरत होती आणि त्यांतून खाशाबा वर आलेले सगळ्यांना दिसत होते. मारुती माने तसेच, कवठेपिरानचे. 1962 ला जकार्ताच्या एशियाडला सुवर्ण. सगळ्यांना खेळवण्याचं काम तालमीनं आधीच केलं होतं, ते कॉलेजला करावं लागलं नाही. कुस्तीला तालीम आहे, मामा. पळण्याला, उड्यांना, फेकीला तालीम कुठं आहे? हायस्कूलचं मैदान सोडलं तर कुठंच नाही.

मामा : आणि माणदेशात तर तालमीही कमीच. आपल्याकडे पळणंच.

भाची : मांडव्याचा अविनाश साबळे, बीडचा. तोही दुष्काळी भागातला, तोही स्टीपलचेसवाला. शाळेला चालत-पळत जायचा, पण त्याला स्टीपलचेसला घातलं कुणी? सैन्यानं. तेही भरती झाल्यावर.  सैन्यात न गेलेले असे किती राहून गेले असतील?

मामा : त्याचा हिशेब कुणाकडं नसतो.

भाची : आणि ज्याचा हिशेब असतो त्याचं काय चाललंय, तेही बघा. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हणून पालक येतात आणि विचारतात, मॅडम, कुठल्या खेळाला संघ कमी असतात? तो खेळ सांगा. तिथं थेट जिल्ह्याला, विभागाला जाता येतं. पोरानं ते साहित्य हातात धरलेलं नसतं. नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी बोगस प्रमाणपत्रं निघाली आणि पकडलीही गेली. शाळेनं एका पदकाच्या मागं लागायचं ठरवलं की पदकाचा कागद विकत मिळायला लागतो.

मामा : मैदानीत ते जमत नाही बरं का. पळण्यात, उड्यांत, फेकीत खोटं चालत नाही. घड्याळ आणि टेप.

भाची : टेप बरोबर लावला तर.

मामा : (मोठ्यानं हसतात) लावला तर.

आता थोडं माझंही. रकमेच्या बाबतीत मी भाचीच्या बाजूचा आहे. गावच्या सरकारी अनुदानावरच्या हायस्कूलला ऑलिंपिकपटू घडवता येत नाही. ते काम प्रबोधिनी, सैन्य, रेल्वे, पुण्या-पतियाळाची केंद्रं करतात आणि त्यांनीच करावं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचं आहार-व्यायामाचं वेळापत्रक एखाद्या उत्साही शिक्षकानं मोबाइलवर बघून आखलं तर तिचे गुडघे जातात, तेही आपण बघतो. हायस्कूलला करता येण्यासारखं एक काम आहे, आणि ते दुसरं कुणीच करणार नाही: तालुक्यातलं प्रत्येक पोर, हात दुखावलेलं, जाड, लाजाळू, ऊसतोडीवाल्यांचं, सगळं, आठवड्यातून चार वेळा मोकळ्या मैदानावर पळालं, उडालं, काहीतरी फेकलं, आणि ते कुणीतरी मोजून वहीत लिहिलं.

पण मामांचं एक म्हणणं मला खोडता येत नाही. "सगळ्यांसाठी" या शब्दामागं शाळा फार सहज लपतात. सगळ्यांचा तास आहे म्हणून कुणीच जबाबदार नाही. कुणाला तरी एका पोराच्या आजीच्या दारात जाऊन बसावंच लागतं. भाची गेली होती, हे तिनं बोलता बोलता सांगितलं. धोरण म्हणून सांगितलं नाही. म्हणजे ती तोंडानं एक बोलत होती आणि पायानं मामांचं करत होती. चांगले शिक्षक बहुधा असेच वागतात.

मामा : बरं, मग ठरलं काय?

भाची : वाळू आणि गोळे. आणि मानधनावरचा शिक्षक. कितपत पुरतंय बघू.

मामा : आणि पोरगी?

भाची : भाडं आणि बूट मी स्टाफकडून गोळा करते. माजी विद्यार्थ्यांच्या पैशाला हात लावत नाही. ती आजीकडे राहणार आहे.

मामा : स्पाइक्स आत्ता नको घेऊ. पाय वाढतोय तिचा. साधे चांगले बूट घे, माप घेऊन घे, बोटाएवढी जागा पुढं सोड. तीन हजारला एवढ्यात पळवू नको सारखं. पंधराशे पळू दे, खो-खोही खेळू दे. आणि तो शिक्षक कोण बघितलास?

भाची : अजून कुणी नाही. रोज येईल असा मिळत नाही एवढ्या पैशात.

मामा : दहिवडीहून तुझ्या शाळेला सकाळची एसटी किती वाजता आहे?

भाचीनं वेळ सांगितली. मामांनी मानधनाचं विचारलं नाही. माझ्या मते शाळेनं ते द्यावं आणि मामांनी घ्यावं. पी.टी.चं काम फुकटात किंवा हौसेखातर होतं अशी शासनाची आणि संस्थांची समजूत आधीच पक्की आहे, ती आणखी पक्की करू नये.

वाचकांपैकी ज्यांची मुलं गावच्या हायस्कूलमध्ये आहेत त्यांना एक विनंती. पुढच्या पालकसभेत दहावीच्या निकालाबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा: पी.टी.चा तास आठवड्यात किती वेळा होतो, आणि गेल्या महिन्यात तो गणिताला किंवा इंग्रजीला किती वेळा दिला गेला. आणि तालुक्याच्या मैदानी स्पर्धेला गेलात तर जाताना टेप घेऊन जा. एका फेरीच्या शर्यतीला दुसऱ्या लेनची सुरुवात पहिलीच्या सात मीटर चार सेंटिमीटर पुढं आहे का (पहिलीच्या आत कठडा नसून नुसती रेषा असेल तर 7.67), तेवढं बघा. नसेल तर शर्यत सुरू व्हायच्या आधी सांगा, नंतर सांगून उपयोग होत नाही.